वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे : पोट सावरते, मन आणि घर कधी सावरते?

मांजराकाठ (लातूर)

दिवाळीनंतर माझ्यावर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया करावी की नाही, स्लीव्ह करावी की बायपास, खर्च किती येतो, विमा मिळतो का, या प्रश्नांवर लोक भरभरून बोलतात. पण रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे दीड-दोन महिने माणूस कशातून जातो, हे कोणी सविस्तर सांगत नाही. मी सध्या त्याच काळातून जात आहे. अनुभव ताजा आहे तोवर लिहून ठेवावा आणि ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे त्यांना काही विचारावे, यासाठी हा धागा काढत आहे.

शरीराविषयी आधी लिहिते, कारण ते सोपे आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. त्याचा थोडा अंश आत राहून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला त्रास देतो, त्यामुळे पहिले काही दिवस टाक्यांपेक्षा खांदाच जास्त ठणकतो. हे आधी ठाऊक असेल तर माणूस घाबरत नाही. शुद्धीवर आल्यावर त्याच दिवशी परिचारिकांनी मला वॉर्डात चालायला लावले. चालण्याने वायू लवकर जिरतो आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो, म्हणून त्या एवढ्या आग्रही असतात. घरी आल्यावर टाके भरले, दुखणे ओसरले आणि पंधरवड्याच्या आत मी गल्लीच्या टोकापर्यंत न थांबता जाऊन येऊ लागले. थकवा मात्र चिवट निघाला. दुपार झाली की अंगात उभे राहण्याचेही बळ उरत नसे, आणि शाळेत रुजू होण्याची तारीख मला पुढे ढकलावी लागली. आठवड्याच्या रजेत हे सगळे उरकेल असे ज्यांना वाटते, त्यांनी जास्तीची रजा हाताशी ठेवावी, एवढे मी आवर्जून सांगेन.

मनाचे मात्र असे झाले नाही. आमच्या घरात जेवण हे बोलण्याचेच एक माध्यम आहे; ताटात काय आणि कसे वाढले यावरून कोण कोणावर रुसले आहे, कोणाला बरे नाही, कोण परीक्षेला बसले आहे, हे कळते. सासूबाई तोंडाने माया व्यक्त करणाऱ्यांतल्या नाहीत. त्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात, येसराच्या आमटीची वाटी न मागता पुढे सरकवतात, आणि ते खाल्ले की त्यांना पोहोचले असे वाटते. शस्त्रक्रियेनंतर मी त्यांच्यासमोर औषधाच्या छोट्या मापाने पाण्याचे घोट घेत बसले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस नीट जेवल्याही नाहीत. मला भूक लागत नाही. तरीही संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज आला की घशाशी हुंदका येतो, आणि एकदा तर पाहुण्यांना वाढता वाढता मला आत जाऊन रडावे लागले.

हे दुःख कशाचे आहे, याचा मी बराच विचार केला. शाळेतला ताण, एकटेपणा, बाळंतपणानंतरचे जड दिवस, या सगळ्यांत मला खाण्याने सोबत केली होती. त्या सोबतीनेच माझे गुडघे आणि रक्तदाब बिघडवला, हेही खरे. पण जी सोबत इतकी वर्षे होती ती एका सकाळी संपली, आणि तिच्या जागी अजून दुसरे काही आलेले नाही. त्यातच मनात अपराधीपणा असतो, की हा निर्णय माझा, पैसे घरच्यांचे, डॉक्टरांनी काम चोख केलेले, मग रडण्याचा अधिकार मला कुठून आला? स्वतः निवडलेल्या गोष्टीचेही दुःख होऊ शकते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

माझे विचारणे असे आहे. ही मनाची अवस्था आपल्यापैकी कोणाला आली होती का, आणि ती किती काळ टिकली? घरातल्या मोठ्यांना आपण कसे समजावले? आणि आता वेळ अमावस्या जवळ आली आहे. शेतात कोपीजवळ, म्हणजे कडब्याच्या खोपटाजवळ, पूजा होईल, वीस-पंचवीस माणसांची पंगत बसेल, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर असेल, आणि प्रत्येक जण वाढताना माझ्या पानाकडे पाहील. तिथे काय करावे?

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)

मांजराकाठताई, मी आहारतज्ज्ञ आहे आणि अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसोबत काम करते. आपण जे लिहिले आहे ते तपासणीच्या खोलीत मी अनेकींच्या डोळ्यांत पाहते, पण त्या बोलत नाहीत. विचारले तर प्रोटीन पावडरची चव आवडत नाही एवढेच सांगतात.

भूक नाही आणि तरी जीव जेवणात अडकतो, यामागे शरीराचे कारण आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भुकेची सूचना देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर त्याच भागात तयार होते, त्यामुळे पोटाची हाक मंदावते. वासाने, आवाजाने, माणसांच्या सोबतीने जागी होणारी इच्छा मेंदूत राहते आणि तिला शस्त्रक्रियेने हात लावलेला नसतो. शिवाय पहिल्या आठवड्यांत आपण दिवसाला हजार कॅलरींच्याही बऱ्याच खाली असता. चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात आणि साठवतातही, म्हणून वजन वेगाने उतरताना पाळी मागेपुढे होते आणि मन हेलकावे खाते. हे सारे एकाच वेळी घडत असताना रडू येणे हा कृतघ्नपणा मुळीच नाही.

आहाराबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्या भागात दोन-तीन समज हटत नाहीत. बहुतेक केंद्रांत पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवडे घोटलेले, त्यानंतर मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. आपल्या शल्यचिकित्सकांनी दिलेला क्रम यापेक्षा वेगळा असेल तर तोच पाळावा. या काळात दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने जायला हवीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते की वरणाचे पाणी किंवा पुरणाचा कट दिला म्हणजे डाळ पोटात गेली, पण त्या पाण्यात प्रथिने अगदी थोडी उतरतात. ज्या दिवशी घोटलेले चालू होईल त्या दिवसापासून गाळलेले पाणी सोडून घट्ट घोटलेले वरण घ्यावे. पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम, एका अंड्यातून साधारण सहा आणि ५० ग्रॅम पनीरमधून नऊ-दहा ग्रॅम प्रथिने मिळतात. हा हिशेब मांडला की पहिल्या महिन्यात पावडरशिवाय भागत का नाही, हे लक्षात येते.

भाकरी केव्हा, हा प्रश्न मला मराठवाड्यातला प्रत्येक रुग्ण विचारतो. मऊ आहाराचा टप्पा नीट पचला की ताकात पूर्ण कुस्करलेल्या भाकरीचे दोन-तीन घास घेऊन पाहता येतात. भात आणि चपाती अनेकांना भाकरीपेक्षा जास्त अडतात, याचे घरच्यांना फार आश्चर्य वाटते. ठेचा आणि तर्री यांना अजून वेळ आहे. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे. वाटीभर अन्नाला वीस-तीस मिनिटे लागली तरी चालतील. छातीत दाटले, उचकी लागली किंवा अचानक नाक वाहू लागले, तर तिथेच थांबावे. त्यानंतरचा एक घास उलटीला कारण होतो.

दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव घोटाघोटाने जायला हवे. ज्यांची शस्त्रक्रिया मार्च ते मे या महिन्यांत ठरली आहे त्यांनी याची विशेष काळजी घ्यावी, कारण पारा ४२ अंशांच्या आसपास असताना आधीचे शरीर दोन तांबे पाणी एका दमात पिऊन तूट भरून काढत असे. आताच्या पोटाला ते जमणार नाही. लघवी गडद पिवळी होऊ लागली की आपण मागे पडलो असे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. सतत उलट्या होत असतील तर दोन-तीन दिवस वाट पाहू नये. शरीरातला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो, आणि मग तोल जाणे, नजर दुहेरी होणे, मन गोंधळणे अशी लक्षणे येऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावाकडे अशक्तपणा दिसला की ग्लुकोजची सलाइन लावण्याची पद्धत आहे. अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोज दिले तर हीच अवस्था ओढवू शकते. म्हणून जिथे जाल तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या होत आहेत, थायमिनचा विचार करा. तसेच नाडी सतत १२०च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, दम लागणे किंवा एका पोटरीला सूज, यांपैकी काहीही असेल तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बालाघाटी (बीड)

माझ्या पत्नीची ही शस्त्रक्रिया मागच्या वर्षी झाली. मी घरच्या माणसाच्या बाजूने लिहितो.

रुग्णालयातून निघताना मला आहाराचा कागद मिळाला, औषधांची यादी मिळाली, पण मी स्वतः कसे वागावे हे त्यात नव्हते. आमच्या घरी सर्वांत अवघड गेला तो आग्रह. आपल्याकडे आलेल्याला एकदा विचारून थांबणे हा अपमान मानतात. तीनदा विचारावे लागते आणि समोरच्याने तिसऱ्यांदा हो म्हणावे लागते. माझ्या आईने आयुष्यभर असेच वागून घराचे नाव राखले होते, तिला अचानक विचारूच नकोस असे सांगणे मला जड गेले. मी तिला पुढच्या तपासणीला सोबत नेले. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर जठराचे चित्र काढून, आधी केवढे होते आणि आता केवढे आहे, हे दाखवले. त्या दिवसानंतर आईने आग्रह सोडला आणि सुनेची गोळ्यांची वेळ स्वतःकडे घेतली. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायची नसते, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर लागते, हे आता आमच्याकडे आईच सगळ्यांना सांगते. मांजराकाठताई, सासूबाईंच्या हातातले वाढणे गेले आहे. त्याऐवजी त्यांच्या हाती दुसरे काही काम द्या, असे मी सुचवेन. ताक त्यांनी घुसळावे, वरण त्यांनी घोटावे, घड्याळ त्यांनी पाहावे.

दुसरे असे, की सुरुवातीला आम्ही सर्व जण तिच्यापासून लपून जेवत होतो. तिला वास जाऊ नये म्हणून दार लावून घेत होतो. तिला त्याचे फार वाईट वाटले, घरातून वेगळी काढल्यासारखे झाले. पुढे ती आमच्याबरोबरच पाटावर बसू लागली, तिची वाटी लहान आणि आमची ताटे नेहमीची. पहिले काही दिवस कोणालाच घास गोड लागला नाही, नंतर सवय झाली. रडू आले तर तिने ताटावर रडायचे आणि आम्ही उठायचे नाही, असे ठरवले होते.

गोदातीर (नांदेड)

माझी गॅस्ट्रिक बायपास झाली असून त्याला वर्षाहून अधिक काळ लोटला आहे. मांजराकाठताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो : होय, मलाही ही अवस्था आली होती, आणि एकदा नव्हे, दोनदा. पहिली घरी आल्या आल्या, दुसरी साधारण तिसऱ्या महिन्यात. दुसरीची तयारी आतापासून ठेवावी. त्या सुमारास केस गळू लागतात. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरलेले वजन यामुळे बरेचसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी गळतात. प्रथिने आणि लोह नीट असेल तर ते परत येतात, पण तोवर उशीवरचे केस पाहून मन खचते.

वजनकाट्याविषयीही सांगतो. पहिल्या पंधरवड्यात काटा वेगाने उतरतो, कारण शरीर साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत बांधलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तो अडतो, कधी कधी आठवडाभर हलत नाही. शस्त्रक्रिया फसली, असे वाटून अनेक जण याच काळात खाणे आणखी कमी करतात, आणि ते घातक आहे. मी रोज काट्यावर उभा राहणे सोडून आठवड्यातून एकदा उभा राहू लागलो आणि माझी झोप सुधारली.

ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी घरी आल्यापासूनच नोंदी ठेवाव्यात. माझ्या रक्तातील साखर वजन फारसे उतरण्याआधीच खाली आली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केले. जुन्याच मात्रा चालू राहिल्या असत्या तर चक्कर येऊन पडलो असतो. अंगदुखीसाठी दुकानातून मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बायपासच्या रुग्णाने टाळायच्या असतात, कारण जठर आणि आतडे जिथे जोडलेले असतात तिथे व्रण होऊ शकतो. धूम्रपानानेही तेच होते. तंबाखू, गुटखा किंवा मिसरीची सवय असेल तर ती लाजेखातर लपवू नये, डॉक्टरांपुढे बोलावी. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून मला सहा महिने गोळी होती, तशी आपल्याला दिली असेल तर मध्येच बंद करू नका.

बायपास झालेल्यांसाठी पुरणपोळी आणि उसाचा रस या दोन्ही गोष्टी वेगळ्या अर्थाने कठीण आहेत. जठराची उरलेली पिशवी जेमतेम ३० मिलिलिटरची असते आणि अन्न तिथून थेट लहान आतड्यात उतरते. गोड एकदम उतरले की अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात पीळ, आणि पडून राहावे असे वाटणे सुरू होते. काहींना एक ते तीन तासांनी साखर घसरल्याची लक्षणे येतात. दारूविषयीही सावध करतो. ती पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्याची जागा दारूने घेतल्याची उदाहरणे अनेक वर्षांनंतरही दिसतात. ताई म्हणतात तशी जी सोबत गेली तिच्या जागी काही ना काही येतेच. काय येऊ द्यायचे, ते आपण सावधपणे निवडले पाहिजे. मी सायंकाळी गोदावरीच्या घाटावर चालू लागलो आणि तिथल्या चालणाऱ्यांशी ओळखी झाल्या.

शेवटचा मुद्दा लपवण्याचा. मी कार्यालयात, गावात, नात्यात सर्वांना सांगून टाकले. काही जण हसले, काहींनी सोपा मार्ग पत्करला म्हणून टोमणे मारले, पण पंगतीत माझ्या पानात जास्त वाढणे थांबले. माझ्या मते सर्वांनी उघडपणे सांगावे.

तेरणाकाठ (धाराशिव)

गोदातीरदादा, आपला अनुभव मोलाचा आहे, पण सर्वांनी सांगावे, हे मला मान्य नाही. पुरुषाने सांगितले तर दोन दिवस चर्चा होते. आमच्यासारख्या लहान गावात सुनेने सांगितले तर तिच्या माहेरच्या खाण्यापिण्यापासून नवऱ्याच्या कमाईपर्यंत सर्वांचा हिशेब होतो. माझ्याबाबतीत हे फक्त पती, माझी आई आणि थोरल्या जाऊबाई यांना ठाऊक आहे. बाकीच्यांना पोटाची शस्त्रक्रिया झाली असून पथ्य आहे, एवढे सांगितले आणि ते खोटेही नाही. जे स्वतःलाच पुरते पेललेले नाही ते लोकांना समजावत बसण्याइतके बळ त्या आठवड्यांत माझ्यात नव्हते.

आणखी एक ओझे आहे, ज्यावर येथे अजून कोणी लिहिले नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे सांगतात, कारण वजन वेगाने उतरत असते आणि आईच्याच शरीरात पोषणाची तूट असते. त्याच वेळी वजन उतरल्यामुळे पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पुरेसे विसंबता येत नाही, म्हणून दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा लागतो. घरात मात्र सगळे म्हणत असतात, आता वजन उतरले, आता गोड बातमी दे. ज्यांच्या लग्नाला तीन-चार वर्षे झाली आहेत त्यांनी हे वाक्य किती वेळा ऐकले असेल, ते मी सांगायला नको. माझ्या पतीने ही जबाबदारी स्वतःवर घेतली आणि दीड वर्ष हा विषय काढायचा नाही, असे घरात स्पष्ट सांगितले. हे काम नवऱ्यानेच करावे, बायकोवर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

शरीर बदलते आहे हे मनाला उशिरा कळते, तेही नोंदवते. कपडे सैल झाले तरी एस.टी.त मी दोन जणांची जागा शोधत असे. स्तुतीचाही त्रास होतो. आता किती छान दिसतेस, असे कोणी म्हटले की आधीची मी कोणालाच आवडत नव्हते का, असे मनात येते.

दुधनाकाठ (परभणी)

मी हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे. माझ्या धाकट्या भावाची स्लीव्ह होऊन सुमारे दोन महिने झाले. शरीराने तो ठीक आहे, तपासणीत सर्व चांगले निघाले. पण तो खोलीतून बाहेर येत नाही, मित्रांचे फोन उचलत नाही, रात्रभर जागा असतो, आणि परवा म्हणाला की मी उगीच वाचलो. आई म्हणते, अशक्तपणा आहे, खाऊ लागला की ठीक होईल. आम्ही थांबावे का?

सातमाळा (छत्रपती संभाजीनगर)

दुधनाकाठताई, थांबू नका. हुंदका येणे, ताटाकडे पाहून उदास होणे आणि पुन्हा कामाला लागणे, हे बहुतेकांना होते आणि हळूहळू निवळते. आपल्या भावाचे तसे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ माणूस कशातच रमत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ती नैराश्याची लक्षणे आहेत. वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेण्याचा धोका वाढलेला आढळतो, म्हणून ते बोलणे मनावर घ्यायलाच हवे. तो जे म्हणाला ते त्याला शांतपणे, थेट विचारा. मरणाचे विचार मनात येतात का, असे विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे ठेवू नका, आणि घरातली कीटकनाशके व गोळ्यांचा साठा त्याच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

आजच टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते, आणि मराठीत बोलता येते. त्याला बोलायचे नसेल तर आपण स्वतः फोन करून मार्गदर्शन घेऊ शकता. आपल्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ केव्हा भेटतात याची चौकशी करा; येथे घाटी रुग्णालयात मनोविकृतीशास्त्राचा विभाग आहे. तो तसे पुन्हा बोलला तर बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट न पाहता तातडीच्या विभागात न्या. त्याची आधीपासून मनाची काही औषधे चालू होती का, हे डॉक्टरांना सांगा, कारण शस्त्रक्रियेनंतर काही औषधांचे शोषण बदलते आणि मात्रा पुन्हा ठरवावी लागते. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि थायमिन यांची तपासणीही करून घ्या. आईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, पोषणाच्या कमतरतेनेही मन खचते. पण केवळ त्यावर विसंबून दिवस घालवू नका.

सांगावे की सांगू नये, या चर्चेत एवढेच म्हणेन की नातेवाइकांना सांगणे ऐच्छिक आहे. मात्र घरातल्या किमान एका माणसाला आणि उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. बालाघाटीदादांची सूचना वाचून मी सासूबाईंना गोळ्यांचे वेळापत्रक आणि वरण घोटण्याचे काम सोपवले. त्यांनी पहिल्याच दिवशी वरणात जिरे किती चालेल, हिंग चालेल का, असे विचारले, आणि पुष्कळ दिवसांनी आम्ही स्वयंपाकघरात मोकळेपणाने बोललो. त्यांच्या आईला शेवटच्या आजारात अन्न जात नव्हते आणि माझे न खाणे पाहून त्यांना तेच आठवत होते, हे मला तेव्हा कळले. त्या का जेवत नव्हत्या, याचे कारण इतक्या दिवसांत मी विचारलेच नव्हते.

वेळ अमावस्येला मी शेतात जाणार आहे. डॉक्टरांना विचारले असता बिनमिरचीची, गाळलेली आंबील थोडी थोडी घेता येईल असे ते म्हणाले. भज्जीतल्या तुरीच्या आणि वाटाण्याच्या दाण्यांना अजून परवानगी नाही, खिरीतल्या गुळालाही नाही. आंबील सासूबाई आधीच वेगळी काढून ठेवणार आहेत. सांगण्याबाबत मी तेरणाकाठताईंच्या मताकडे झुकले आहे. पंगतीत कोणी विचारले तर पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे एवढेच उत्तर देईन, आणि वाढायला मी स्वतः उभी राहीन, म्हणजे पान मांडण्याचा प्रश्न येणार नाही. थकवा आला तर कोपीत जाऊन पडेन, तसे यजमानांशी बोलून ठेवले आहे.

दुधनाकाठताई, आपल्या भावाचे काय झाले, हे कृपया येथे कळवा. फोनवर काय बोलावे हे सुचत नसेल तर आपण येथे लिहिलेली चार वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवा. त्यांना तेवढे पुरेल. परभणीहून संभाजीनगरला तपासणीसाठी यायचे ठरले आणि सोबत कोणी हवे असेल, तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. शाळेला अजून रजा आहे, मी येऊ शकते.